उपदेशातली बाई

उपदेश कसा झाला हे जाणून घ्यायचं तर पाळकांच्या तोंडाकडे बघून उपयोग नाही, गायकांच्या पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीकडे बघावं, असं त्या चर्चमध्ये सगळे म्हणत. त्या खुर्चीत घड्याळबाई बसत. हे नाव कुणी ठेवलं ते कुणाला आठवत नव्हतं, का ठेवलं ते मात्र दर रविवारी दिसायचं. उपदेश नीट चालला असेल तोवर घड्याळ बाईंच्या मनगटावर असे. पाळक भरकटले, की पट्टा सुटे आणि घड्याळ मांडीवरच्या गीतांच्या पुस्तकावर येऊन पडे. गायकांच्या खुर्च्या व्यासपीठाशेजारी, लोकांकडे तोंड करून मांडलेल्या. त्यामुळे घड्याळ निघालेलं शेवटच्या बाकापर्यंत दिसे, आणि लोक बाकाखाली ढिले केलेले बूट पायांत चढवू लागत.

आणखीही एक रीत पडून गेली होती. बाई उभ्या राहिल्या की गीत. ऑर्गनवाले आजोबा उपदेशाला डोळे मिटून बसत. ते चिंतन होतं की डुलकी, हे प्रभूलाच ठाऊक. पण एक डोळा किलकिला करून तो ते बाईंच्या खुर्चीवर ठेवत. बाई उठल्या की त्यांची बोटं आपसूक पट्ट्यांवर पडत आणि ऑर्गन वाजला की सगळी मंडळी उभी. यात कधी चूक झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

आठवडाभर बाई कपड्यांच्या कारखान्यात तयार सदरे तपासत. ट्यूबलाइटखाली लांबलचक टेबल, एका बाजूला सदऱ्यांचा ढीग, हातात खडू. कॉलर उलटायची, बगलेची शिवण ताणून बघायची, काजात बोट घालून बघायचं, सुटलेला टाका दिसला की खडूची फुली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाने रविवारी एकदम भोळंभाबडं होऊन बसावं, ही अपेक्षाच चुकीची. उपदेश एका वचनावरून निघून भलत्याच ठिकाणी पोचला, की घरी जाताना बाई नवऱ्याला म्हणत, "अंग एका सदऱ्याचं आणि बाह्या दुसऱ्याच्या." नवरा मान हलवी.

नवऱ्याला सगळे किल्लीमास्तर म्हणत. दोन इमारतींच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान, म्हणजे आत एक माणूस शिरला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या आणि समोर किल्ली कापायचं यंत्र, ते केकाटायला लागलं की बोलणं बंद. पितळेचा कीस मास्तरांच्या बाह्यांत, खिशांत, नखांच्या कडांत कायमचा वस्तीला. घरात शिरण्याआधी ते ब्रशने हात घासघासून धूत, तरी उशीच्या अभ्र्यावर सकाळी काहीतरी चकाकायचंच. माणूस तसा अबोल. दोघांच्या वाटचं बाई बोलत, आणि संसार सुरळीत चालला होता.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांचे दात दुखायला लागले. गुरुवारच्या डब्यात काहीतरी मऊ दे, म्हणाले. गाजर आणि बटाटा शिजवून, छान कुस्करून, मीठ अगदी नावाला. गुरुवारीच का, असं बाईंनी विचारलं, तर गुरुवारी समोर बाजार भरतो, गिऱ्हाईक फार, चावत बसायला सवड नसते, असं उत्तर आलं. बाईंना ते पटलं, किंवा पटलं नाही तरी त्यांनी मनावर घेतलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गाजर ताटाच्या कडेला सारलं, त्याचा डबा आता गुरुवारी चाटूनपुसून परत येत होता. आणि त्याच माणसाने शुक्रवारी संध्याकाळी बसून मूठभर भाजलेले शेंगदाणे कडाकडा फोडले, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला.

ही गंमत पोटात ठेवणं बाईंना शक्यच नव्हतं. पुढच्या सरावाला त्यांनी गायकांना सांगितलं, "आमच्या ह्यांचे दात फक्त गुरुवारी दुखतात." सगळ्या बायका हसून लोटपोट झाल्या. शेजारच्या खुर्चीवर बसणारी औषधवाली, म्हणजे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाची मालकीण, तिने आठवणीने लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली. ती बाटली मास्तरांनी उघडलीसुद्धा नाही. मग दर रविवारी औषधवाली डोळे मिचकावून विचारी, काय म्हणतात गुरुवारचे दात? अलीकडे तर मास्तर म्हणाले होते, आता अगदी गुळगुळीत नको करू, थोडं जाडसर राहू दे. बाईंनी तेही जाहीर केलं. दात सुधारतायत, म्हणाल्या.

इथवर सगळं हसण्यासारखं. न हसण्यासारखी गोष्ट त्या घरात एकच होती, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

आता औषधवाली बसते त्या खुर्चीवर पूर्वी बाईंची मुलगी बसायची. एकुलती एक, आवाज आईपेक्षा गोड. चर्चची पायरी न चढणाऱ्या एका तरुणाबरोबर ती फिरते, अशी कुजबुज सुरू झाली, ती जुन्या पाळकांच्या कानावर गेली. त्यांनी तिला बोलावून विचारलं नाही. एका रविवारी व्यासपीठावरूनच म्हणाले, की या जागी उभं राहून गाणारे काही ओठ बाहेर कुणाची नावं घेतात ते प्रभूला दिसतं. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना गायकांच्या रांगेकडे वळल्या. मुलगी उठली. गीतांचं पुस्तक खुर्चीवर ठेवून, मधल्या वाटेने, भर उपदेशातून चालत बाहेर निघून गेली. तिच्या बुटांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. उपदेशातून उठून जाणं त्या चर्चमध्ये आजवर कुणी केलं नव्हतं. तिथे लोक ठसका लागला तरी ओठ आवळून बसत. बाई जागच्या हलल्या नाहीत. उपदेश संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि सगळी कडवी गायल्या.

घरी मुलगी एवढंच म्हणाली, "आई, तू उठली का नाहीस?"

बाईंचं तोंड अपमानाने पेटलेलं होतं. "भर उपदेशातून उठून जाणारी मुलगी माझी नाही," त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं, मुलगी रडेल, माफी मागेल. ती त्याच आठवड्यात सामान घेऊन गेली. लग्न केल्याचं तिसऱ्याकडून कळलं. मास्तरांनी एकदा तिचा विषय काढून बघितला, तर बाईंनी पातेलं असं आपटलं की त्याला पोचा पडला. तो पोचा अजून आहे. मास्तरांनी पुन्हा विषय काढला नाही. ती कुठे राहते हे बाईंनी विचारलं नाही, आणि जितके दिवस जात होते तितकं विचारणं अवघड होत होतं. कधी एखाद्या सदऱ्याची कॉलर उलटताना हात तिथेच थांबे, आणि टेबलावरच्या दुसऱ्या बाया विचारत, काय झालं, टाका सुटलाय का?

जुने पाळक निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, उत्साही, घोटून दाढी केलेले, आणि मंडळीची मतं विचारात घेतली पाहिजेत असं कुठल्यातरी शिबिरात शिकून आलेले. त्यांनी एका रविवारी उपासनेनंतर चहा ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, माझे उपदेश तुम्हाला कसे वाटतात ते मोकळेपणी बोला. असं कधी विचारू नये. लोक दुसऱ्या कपाला हात घालायच्या आत मोकळे झाले. कुणी म्हणालं लांबतात, कुणी म्हणालं उरकल्यासारखे वाटतात. एका काकांना नरकाबद्दल हल्ली कुणी बोलतच नाही याचं वाईट वाटत होतं. एका तरुणाने सांगितलं की तो घरी मोबाइलवर जगातल्या चांगल्या चांगल्या वक्त्यांचे उपदेश ऐकतो, त्यामुळे इथे जरा जड जातं. औषधवाली म्हणाली, ज्यात जांभई येत नाही तो उपदेश चांगला, आणि पाळकांनी तेही गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतलं.

शेवटी सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की शास्त्र आम्हाला पाठ आहे, उदाहरणं मात्र तीच ती येतात. कुठला तरी राजा, कुठला तरी श्रीमंत व्यापारी, समुद्रात वादळात सापडलेलं कुठलं तरी जहाज. आमच्यातला कुणी समुद्र बघितलेला नाही.

"खऱ्या माणसांचं सांगा, पाळकसाहेब," बाई म्हणाल्या. "आपल्यासारख्यांचं. काळजाला हात घालेल असं काहीतरी सांगा."

पाळकांचे डोळे चमकले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. आपल्या म्हणण्याला इतकं वजन आहे हे बघून बाईंना त्या दिवशी घरी जाताना पावलं हलकी वाटत होती.

त्यानंतरच्या एका रविवारी पाळक व्यासपीठावर चढले तेव्हाच त्यांच्या चालण्यात काहीतरी निराळं होतं. शास्त्रपाठ क्षमेचा होता. त्यावर थोडं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं, दोन्ही हात व्यासपीठाच्या कडेवर ठेवले आणि म्हणाले, आज मी तुम्हाला एक खरी गोष्ट सांगणार आहे. दुसऱ्या एका गावातली आहे, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून थोडी बदलली आहे. बाई खुर्चीत सावरून बसल्या. घड्याळ मनगटावरच होतं.

एक शिंपी होता, पाळक सांगू लागले. वयस्कर, कष्टाळू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको धार्मिक, प्रार्थनेला न चुकणारी. त्यांना एकच मुलगा. मुलाने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं. आईने सांगितलं, तू माझा नाहीस. त्या दिवसापासून घरात त्याचं नाव घ्यायची सोय राहिली नाही.

बाईंना काही वाटलं नाही, असं म्हणता येणार नाही. कुठेतरी कळ आली. पण मुलगा आणि शिंपी ऐकून ती लगेच गेली. अशी घरं काय कमी असतात? मुलाला असं तोडणं जरा जास्तच झालं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. आपली गोष्ट वेगळी होती, आपल्याकडे भर चर्चमध्ये शोभा झाली होती.

एके दिवशी, पाळक म्हणाले, शिंप्याच्या दुकानात एक तरुण पँट आखूड करून घ्यायला आला. शिंप्याने मान वर केली. तो त्याचा मुलगा होता, आणि कडेवर तान्हं मूल होतं. आपल्याला नातवंड झालंय हे त्या म्हाताऱ्याला दुकानाच्या उंबऱ्यात कळलं.

समोरच्या बाकांवर सुस्कारे सुरू झाले. कुणीतरी रुमाल काढला. मोबाइलवर उपदेश ऐकणारा तरुणसुद्धा पुढे झुकून बसला होता. औषधवालीने बाईंना कोपराने हळूच ढोसलं, म्हणजे बघा, तुमच्या सांगण्याचा परिणाम. बाईंनी मान हलवली. जमतंय पोराला, त्यांना वाटलं.

आता शिंपी आठवड्यातून एकदा, दुपारी, दुकान बंद करून मुलाच्या घरी जातो. दारातून आत गेला की आधी मोरीपाशी. ब्रश घेऊन हात खसाखसा घासतो, नखांतला कीस काढतो, मगच बाळाला उचलतो.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. शिंप्याच्या नखांत कसला कीस? दोरा असेल, खडू असेल. कीस कुठून आला? सवयीने त्यांच्या मनात खडूची फुली पडलीसुद्धा. अंग एका सदऱ्याचं आणि बाह्या दुसऱ्याच्या, एवढं त्यांच्या मनात आलं, आणि पुढचं वाक्य ऐकण्याआधीच त्यांची बोटं घड्याळाच्या पट्ट्यावर जाऊन तिथेच थांबली.

"आणि बायकोपासून लपवायचं कसं?" पाळकांच्या आवाजात हसू होतं. ही जागा त्यांना फार आवडली असावी. "त्याने काय करावं? घरी सांगितलं, माझे दात दुखतात. मला भाजी शिजवून, कुस्करून दे. आणि ती आजी, आपल्याला नातवंड आहे हेही जिला ठाऊक नाही, ती दर आठवड्याला स्वतःच्या हाताने बाळाचा घास कुस्करून डब्यात भरते."

सगळं चर्च हेलावलं. मागून एक हुंदका आला. गायकांच्या रांगेत मात्र कुणी रुमाल काढला नाही. औषधवालीचा कोपर अजून बाईंच्या कोपराला लागलेला होता, तो तिने चटका बसल्यासारखा काढून घेतला. मागच्या रांगेत कुणीतरी श्वास आत ओढला. त्या सगळ्या बायकांना गुरुवारचे दात माहीत होते. त्या दातांवर वर्षभर हसल्या होत्या त्या.

बाईंना आधी काही कळेनासंच झालं. ऐकू येत होतं, दिसत होतं, पण अर्थ लागत नव्हता. नातवंड. दात. पितळेचा कीस. मग सगळं एकदम अंगावर आलं, आणि खुर्चीची कड धरावी लागली. आपल्याला नातवंड आहे. आहे, जिवंत आहे, आपल्या हातचं खाऊन वाढतंय, आणि हे आपल्याला आज, इथे, सगळ्यांच्या देखत, उपदेशातल्या उदाहरणातून कळतंय. त्यांनी समोर बघितलं. मधल्या वाटेच्या कडेला नेहमीच्या जागी मास्तर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, तोंड अर्धवट उघडं होतं. ते पाळकांकडे असे बघत होते, जशी घरात चोरी झालेली माणसं उघड्या दाराकडे बघतात. हे असं व्यासपीठावरून सांगितलं जाणार हे नवऱ्यालाही माहीत नव्हतं, एवढं बाईंना त्या चेहऱ्यावरून समजलं.

पाळक बोलतच होते. त्या आजीच्या मनाच्या काठिण्याबद्दल बोलत होते. प्रार्थनेत डोळे मिटणारी, गीतं गाणारी, पण पोटच्या पोरासाठी दार न उघडणारी बाई. लोक माना हलवत होते. "कसलं काळीज म्हणायचं," असं पहिल्या बाकावरच्या एक मावशी रुमाल तोंडाला लावून पुटपुटल्या. अर्ध्या तासापूर्वी बाईही तसंच म्हणाल्या असत्या. ज्या बाईला सगळे नावं ठेवत होते ती त्यांच्या समोरच बसली होती, त्यांच्याकडेच तोंड करून, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. बघत नव्हते पाळकही. उपदेश करताना त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सगळीकडे फिरायची, गायकांवरूनही जायची. आज ती गायकांच्या रांगेपाशी येऊन दर वेळी मागे फिरत होती. म्हणजे या माणसाला माहीत होतं. धंदा बदलला, मुलगी होती तिचा मुलगा केला, गाव बदललं आणि त्याला वाटलं झालं, आता कोण ओळखतंय. कुस्करलेल्या गाजराची गोष्ट सोडवली नाही त्याला. फारच गोड होती ना.

आणि मागणी कुणाची होती? काळजाला हात घालेल असं सांगा.

राग आला, तो इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली. पण त्या रागाच्या आतून एक जुनं वाक्य वर आलं. आई, तू उठली का नाहीस? त्या दिवशी याच खुर्च्यांवर एकीला असंच वाटलं असेल. अंगावरचे कपडे काढून घेतल्यासारखं. आणि ती एकटी नव्हती, शेजारी तिची आई बसली होती, आणि आईने पुस्तकाचं पान काढून ठेवलं होतं, पुढच्या गीताचं.

बाई उठल्या.

त्यांना फक्त मास्तरांपर्यंत जायचं होतं. पण ऑर्गनवाल्या आजोबांच्या किलकिल्या डोळ्याला एवढंच दिसलं की बाई उभ्या राहिल्या. त्यांची बोटं पट्ट्यांवर पडली. "आणि म्हणून, प्रियजनहो," असं पाळक म्हणत होते, त्यांचं पुढचं वाक्य ऑर्गनखाली गेलं. ऑर्गन वाजला म्हणून सगळी मंडळी उभी राहिली. डोळे पुसत, नाक शिंकरत, पुस्तकं उघडत सगळे गाऊ लागले. पाळक व्यासपीठावर तोंड उघडं ठेवून थांबले. एक हात हवेत राहिला होता, तो त्यांनी कुठे ठेवावा हे न कळून खिशात घातला.

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, पुस्तकावर ठेवलं, पुस्तक खुर्चीवर ठेवलं आणि पायऱ्या उतरल्या. पहिल्या बाकावरच्या मावशींनी त्यांचा हात धरला. काय बाई, किती सुंदर उपदेश, कसली दगडाच्या काळजाची असेल हो ती, असं त्या रडत रडत म्हणाल्या.

"ती मीच," बाई म्हणाल्या.

गायकांना सूर देणारा आवाज होता तो. गाणं चालू असूनही पुढच्या दोन-तीन बाकांना तो स्वच्छ ऐकू गेला, आणि तिथलं गाणं बंद पडलं. मावशींनी हात सोडला. बाई मधल्या वाटेने चालत गेल्या. त्यांच्या पुढे पुढे गाणं चालू होतं आणि मागे मागे थांबत होतं. मास्तरांच्या बाकापाशी त्या थांबल्या नाहीत. ते मागून येतील हे त्यांना माहीत होतं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. छत्र्या ठेवायचा लोखंडी स्टँड रिकामा पडला होता, त्याला टेकून बाई उभ्या राहिल्या. मास्तर आले, दोन पायऱ्या वरच थांबले, आणि न विचारताच घाईघाईने सांगू लागले. पाळकांच्या खोलीचं कुलूप अडकलं होतं, दुरुस्त करायला गेलो होतो. घरी कोण कोण असतं, असं त्यांनी सहज विचारलं. मला रडू आलं आणि सगळं बोलून गेलो. कुणाला सांगू नका म्हणायचं राहिलंच. पाळकाला हे सांगावं लागतं असं मला कसं वाटणार? बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"पाळकांनी मुलीचा मुलगा केला," त्या म्हणाल्या. "बाळाचं तर काही सांगितलंच नाही. नातू की नात?"

मास्तर एक पायरी खाली उतरले. "नात."

बाईंनी डोळे मिटले. आतमध्ये गाणं कसंबसं शेवटच्या कडव्याला पोचलं होतं, सूर कुठल्या कुठे गेला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंना त्याचं काही वाटलं नाही.

"मीठ कमी घाल, ते कुणाचं सांगणं होतं?"

"तिचंच."

"आणि आता जाडसर ठेव म्हणालात ते?"

"तेही तिचंच. चावायला शिकली पाहिजे, म्हणते."

म्हणजे वर्षभर मुलगी सांगत होती आणि बाई करत होत्या. बाईंना हसू की रडू कळेना. मग त्यांना दिसलं, की मास्तर अजून खाली बघतायत आणि हातातली टोपी फिरवतायत. लग्नानंतर इतक्या वर्षांत टोपी अशी फिरायला लागली की अजून काहीतरी सांगायचं राहिलेलं असायचं.

"अजून काय?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवशी डबा उघडला तेव्हा तिने विचारलं, आईने दिलाय का? मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते. तूच दिला होतास." मास्तरांनी मान वर केली. "तिला वाटतं, तुला सगळं माहीत आहे. बाळ आहे, मी जातो, सगळं. दर गुरुवारी डबा रिकामा करते आणि म्हणते, आई घास पाठवते, मग स्वतः का नाही येत?"

बाईंना पायरीवर बसावंच लागलं. उपदेशात बसला होता तो धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. मुलगी रागावलेली आहे, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. रागावलेल्या माणसाकडे न जाण्यात एक प्रकारची सोय असते. आणि तिकडे ती वर्षभर, दर गुरुवारी, डब्याचं झाकण काढत वाट बघत होती. डबा येत होता आणि माणूस येत नव्हतं. तिने काय समजायचं?

चर्चचं दार उघडलं. पाळक उंबऱ्यात आले होते, मागे औषधवाली, तिच्या हातात बाईंचं घड्याळ. पाळक काहीतरी बोलू लागले, माझा हेतू, मला वाटलं की. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. औषधवालीने पुढे केलेलं घड्याळ घेतलं नाही. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या.

"घर लांब आहे का?"

"नाही. बाजाराच्या मागेच." मास्तर घुटमळले. "पण आज गुरुवार नाही. तिला सांगितलेलं नाही काही. आणि डबाही नाही बरोबर."

"रविवारची सकाळ आहे," बाई म्हणाल्या. "घरी असेल ना ती?"

मास्तरांनी एकदा उघड्या दाराकडे बघितलं आणि मग बायकोकडे.

"घरीच असेल," ते म्हणाले. "रविवारी सकाळी ती कुठे जाणार?"

बाई पायऱ्या उतरल्या आणि रस्त्याला लागल्या, पण रस्ता त्यांना माहीत नव्हता, म्हणून चार पावलांवर थांबून त्यांनी मास्तरांना पुढे होऊ दिलं.